बडोद्यात बाय लोकांचा नेटवर्किंग डे होणार असेल तर पाहुण्यांची यादी बदला

आमच्या ओळखीच्या काही मंडळींच्या डोक्यात सध्या एक कार्यक्रम शिजतोय. बडोद्यात एक अख्खा दिवस, एका हॉलमध्ये बायसेक्शुअल लोक (थोडक्यात बाय, म्हणजे ज्यांना पुरुष आणि बाई दोघांचीही ओढ वाटू शकते ते) आणि शहरात काम करणाऱ्या संस्था एकत्र बसणार, कोण काय करतं ते एकमेकांना सांगणार, नंबर देणार-घेणार. कल्पनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, हे आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचून कोणी रुसायला नको. भांडण आहे ते यादीवरून. जी कच्ची यादी फिरतीये त्यात मुंबईची एक एलजीबीटी संस्था, पुण्याची एक, अहमदाबाद, सुरत, दोन कॉलेजांचे क्वीअर ग्रुप आणि एक फिल्म दाखवणारे. म्हणजे सगळी आपलीच माणसं! ही सगळी एकमेकांना आधीपासून ओळखतात, दर प्राइडला गळ्यात गळे घालून फोटो काढतात, यांच्या नेटवर्किंगसाठी हॉल कशाला भाड्याने घ्यायचा?

माझं म्हणणं असं की बाय माणूस अडचणीत आला की एलजीबीटी संस्थेत जातच नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही. ती १८१ ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला, फोन करते, तो फॅमिली डॉक्टरकडे जाऊन झोप लागत नाही एवढंच सांगून गोळ्या घेऊन येतो, लग्न मोडायला आलं की दोघं फॅमिली कोर्टातल्या काउन्सेलरसमोर बसतात, कोणी ब्लॅकमेल करायला लागलं तर (आणि हिंमत झाली तर) पोलीस चौकीत, आणि कॉलेजातली मुलगी होस्टेलच्या रेक्टर मॅडमकडे रडते. बाय लोकांची गाठ या जागांशी पडते. म्हणून त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे ही माणसं बसलेली हवीत, आपले मित्र प्रेक्षकांत बसले तरी चालतील.

मी स्वतः बाय आहे. लग्न झालंय, नवऱ्याला लग्नाआधीपासून माहितीये, सासूबाईंना माहीत नाही आणि कळायची गरज मला वाटत नाही, आणि आम्ही राहतो दांडिया बाजारच्या बाजूला, जिथे कोणाच्या घरी कोण आलं हे समोरच्या माळ्यावरच्या काकूंना आपल्याआधी कळतं. हे एवढ्यासाठी सांगते की माझ्यासारख्या लोकांना बाहेरून बघितलं तर काहीच दिसत नाही. मंगळसूत्र, मुलाची ट्यूशन, गणपतीत मंडळाची वर्गणी. कोणत्या संस्थेच्या कोणत्या रजिस्टरमध्ये आमची नोंद होणार?

अमेरिकेत प्यू रिसर्चने २०१३ मध्ये सर्व्हे केला होता, आयुष्यातल्या महत्त्वाच्या सगळ्या किंवा बहुतेक लोकांना तुमच्याबद्दल माहीत आहे का, असा प्रश्न होता. गे पुरुषांत ७७ टक्के हो म्हणाले, लेस्बियन बायकांत ७१, आणि बाय लोकांत फक्त २८. हा तिकडचा आकडा आहे, पण रावपुऱ्यातल्या मराठी घरांमध्ये तो २८ पेक्षा जास्त निघेल असं कोणाला वाटत असेल तर त्याने पुढे यावं, मी चहा पाजते. आणि संख्येने आम्ही थोडे आहोत म्हणून दिसत नाही असंही नाहीये. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत पहिल्यांदाच हा प्रश्न विचारला, तर दीड टक्का लोकांनी गे किंवा लेस्बियन लिहिलं आणि १.३ टक्के लोकांनी बायसेक्शुअल. गॅलपचा त्याच वर्षाचा अमेरिकेतला सर्व्हे बघा, एलजीबीटी म्हणवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त, ५७ टक्के, बाय निघाले. इतकी माणसं आणि इतकी गप्प. मग "वेगळा दिवस कशाला, एलजीबीटीमध्ये बी आहेच की" हे जे ऐकवलं जातं त्याला काय उत्तर द्यायचं? बी अक्षरात आहे, ऑफिसात नाही, एवढंच.

आता ऑफिसात का नाही याचं कारण समजून घेतलं पाहिजे नाहीतर उगाच कोणावर तरी राग काढला जातो. आपल्या देशात या विषयावर ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यातल्या बऱ्याच एचआयव्हीच्या कामातून, त्या पैशावर उभ्या राहिल्या. नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, प्रोग्रॅममध्ये गट ठरलेले असतात, सेक्स वर्कर, ट्रान्सजेंडर आणि हिजडा, इंजेक्शनने ड्रग्ज घेणारे, ट्रक ड्रायव्हर, स्थलांतरित मजूर, आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष ज्याला सगळे एमएसएम म्हणतात. या खात्यात बाय पुरुष येतो पण एमएसएम म्हणून येतो, त्याला बायको आहे का, तो तिच्यावर प्रेम करतो का, घरी काय चाललंय, याला त्या फॉर्ममध्ये फारशी जागा नाही कारण तो फॉर्म त्यासाठी बनलाच नाही. आणि बाय बाई? ती या यादीत कुठेच नाही. तिच्या नावाने पैसा आलाच नाही म्हणून तिच्यासाठी माणूस नेमला गेला नाही, आणि माणूस नाही म्हणून ती आली नाही, आणि ती आली नाही म्हणून वरती रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की अशी कोणी नाहीये.

हे मी कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाहीये. बडोद्यात लक्ष्य ट्रस्टने एचआयव्हीवर जे काम केलंय ते मोठं आहे, २००६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्सचं अवॉर्ड मिळालं होतं, त्याच वर्षी राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी उघडपणे आपण गे आहोत असं पेपरात सांगितलं आणि केवढा गदारोळ झाला, पुतळे जाळले. पुढे २५ नोव्हेंबर २०२० ला ट्रान्सजेंडर लोकांसाठीचं निवारा घर, गरिमा गृह, सुरू झालं ते याच शहरात. म्हणजे शहराला हा विषय नवा नाही. पण जे झालं ते गे पुरुष आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या अंगाने झालं, आणि आता आम्हाला जर कुठे जोडून घ्यायचं असेल तर याच घरात आणखी एक खुर्ची मागण्यापेक्षा बाहेरची दारं वाजवायला हवीत.

कोणती दारं? पहिलं दार महिला हेल्पलाइनचं. हे मी पहिलं का म्हणते, तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१० च्या सर्व्हेवरून जो रिपोर्ट काढला त्यात जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या बायकांचं प्रमाण दिलंय, हेटरोसेक्शुअल बायकांत ३५ टक्के, लेस्बियन बायकांत ४४, आणि बाय बायकांत ६१. आणि या बाय बायकांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ जणींनी सांगितलं की त्रास देणारे फक्त पुरुष होते. वाचून मला नवल वाटलं नाही. नवऱ्याला किंवा बॉयफ्रेंडला एकदा कळलं की ते हत्यारच होतं त्याच्या हातात. "तुझं काय, तुला कोणीही चालतं", "तुझ्या आईला सांगू का", "त्या मैत्रिणीच्या घरी पाऊल टाकलंस तर बघ". बाई कधी बोललीच तर मारहाणीचं बोलते, हे मागचं गिळून टाकते, कारण तिला वाटतं हे सांगितलं तर समोरची काउन्सेलर म्हणेल मग चूक तुझीच. आणि खरं सांगायचं तर काही जणी म्हणतीलही. गुजरातमध्ये १८१ अभयम २०१५ पासून राज्यभर चालू आहे, त्यांची गाडी येते, काउन्सेलर येते, काम चांगलं आहे. २००५ च्या घरगुती हिंसा कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ धरलेला आहेच. कायदा आहे, गाडी आहे, फक्त त्या गाडीतल्या ताईला हे माहीत हवं की अशीही बाई असते आणि तिला धमकी अशा पद्धतीने दिली जाते. यासाठी मोठं ट्रेनिंग मॉड्यूल वगैरे लागत नाही, एक दुपार समोरासमोर बसलं तरी खूप होतं.

आता जो मुद्दा निघाला की आपले लोक पंख्याकडे बघायला लागतात तो. लग्न झालेले पुरुष. गे मित्रांचा राग मला माहीत आहे, "बाय म्हणजे शेवटी बायकोच्या घरी जाणार आणि आम्हाला ब्लॉक करणार". यात खरंही आहे, कारण आपल्याकडे घरच्यांनी जबरदस्तीने लग्न लावलेले कितीतरी गे पुरुष स्वतःला बाय म्हणवून घेतात, तेवढंच सोपं जातं. आणि खरोखर बाय असलेले पुरुष आहेत, बायकोवर मनापासून प्रेम करणारे आहेत, एकनिष्ठही आहेत, आणि काही आहेत जे तिला अंधारात ठेवून बाहेर पुरुषांना भेटतात. बाय असणं म्हणजे फसवणूक नाही हे मी कुठेही उभी राहून सांगेन. पण जो लपवून बाहेर जातो तो बायकोचं तेच करतो जे लफडं करणारा कुठलाही नवरा करतो, वर तिच्या तब्येतीची जोखीम तिला न विचारता घेतो, आणि हे आपण आपल्या कार्यक्रमात बोलायचं टाळतो कारण म्हणे इमेज खराब होईल. कोणाची इमेज? त्या बायकोला कोणी विचारलं?

मला फॅमिली कोर्टातले काउन्सेलर का हवेत ते इथे येतं. अशी जोडपी त्यांच्यासमोर येऊन बसतात. आणि आमच्या माहितीतल्या लोकांना जे ऐकायला मिळालं ते दोनच प्रकारचं, एकतर "संसार टिकवा, होईल सगळं ठीक, एक मूल होऊ द्या", नाहीतर "हा गे आहे, सोडा याला". तिसरं काही असू शकतं हे डोक्यातच नाही, की हा माणूस बाय आहे, बायकोबद्दलची ओढ खोटी नव्हती, आणि तरीही त्याने विश्वास मोडला असेल किंवा मोडला नसेलही, आणि आता पुढे राहायचं की नाही हे दोघांनी, मुख्य म्हणजे तिने, नीट माहिती घेऊन ठरवायचं आहे. हे कळलेला काउन्सेलर त्या दोघांचाही वेळ आणि पैसा वाचवेल. आणि त्या दिवशी बाय पुरुषांच्या बायकांनाही यायला जागा ठेवा असं मी म्हणणार आहे, वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी, कशीही, पण ठेवा. यावर मीटिंगमध्ये आरडाओरडा होईल, होऊ दे.

पोलीसही हवेत. यावर तर सगळेच माझ्यावर तुटून पडणार आहेत. पण विचार करा, डेटिंग ॲपवर ओळख होते, भेटायला बोलवतात, तिथे आणखी दोघं-तिघं निघतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि मग पैसे. या धंद्याला सगळ्यात सोपं गिऱ्हाईक कोण, तर लग्न झालेला बाय माणूस, कारण तो तक्रार करणार नाही याची त्यांना खात्री असते. त्याला अजून वाटतं की गेलो तर मलाच ३७७ मध्ये, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलमात, आत टाकतील. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीने ठेवलेल्या संबंधांवरचा गुन्हा काढून टाकला, आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात तर ते कलमच नाहीये. खंडणी मात्र आहे, कलम ३०८. व्हिडिओच्या धमकीने ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं. हे मी बोलले तर लोक ऐकतील आणि विसरतील, हेच सायबर सेलच्या साहेबाने युनिफॉर्ममध्ये उभं राहून सांगितलं की तक्रार करणारा आरोपी नाही, तर त्याचं वजन वेगळं. शिवाय साहेबालाही कळेल की आपल्यापर्यंत हे लोक का येत नाहीत.

डॉक्टरांचं लवकर सांगते. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायचा नाही, आणि नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये कन्व्हर्जन थेरपीला, म्हणजे माणसाचा लैंगिक कल बदलायच्या तथाकथित उपचाराला, डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय. कागदावर सगळं आहे. पण बाय पेशंटला "तुझं कन्फ्युजन आहे, लग्न कर म्हणजे क्लिअर होईल" असं सांगणाऱ्याला आपण काही चूक केलं असं वाटतच नाही, कारण त्याने मुलाला कुठे बदलायला सांगितलं, त्याने फक्त एक बाजू निवडायला सांगितली. सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातून एक जण आणि दोन खासगी डॉक्टर, एवढे आले तरी पुष्कळ. कॉलेजवाल्यांसाठी यूजीसीचा २०१६ चा नियम आहे, ज्यात लैंगिक कलावरून छळणं हे रॅगिंग धरलंय, तो किती रेक्टर मॅडमनी वाचलाय ते त्या दिवशी विचारू. आणि बँकेचा एक माणूस बोलवा, गंमत नाही, ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने खुलासा केलाय की क्वीअर जोडीदारांना जॉइंट अकाउंट उघडायला, नॉमिनी करायला काही अडकाव नाही, काउंटरवरच्या मुलाला माहीत नसतं म्हणून परत पाठवतात.

परदेशात हे असंच केलंय का असं एकाने विचारलं. ब्रिटनमध्ये १९८४ पासून बायकॉन नावाचं बाय लोकांचं संमेलन भरतं, ते मुख्यतः आपल्या आपल्या लोकांचं, त्याला जोडून बायरेकॉन निघालं ज्यात संशोधक आणि संस्थांची माणसंही येऊन बसतात. आणि २३ सप्टेंबर २०१३ ला, बाय व्हिजिबिलिटी डेच्या दिवशी, व्हाइट हाउसमध्ये तीसेक बाय कार्यकर्त्यांची सरकारी अधिकाऱ्यांबरोबर बंद दाराआड बैठक झाली, विषय काय तर तब्येत, एचआयव्ही, घरातली हिंसा, शाळेतला त्रास. झेंडे, गाणी काही नाही. समोर कोण बसलं होतं ते महत्त्वाचं.

आपल्या बडोदेकर मराठी मंडळींचं काय करायचं? मंडळांना बोलवा म्हटलं तर हसले सगळे. मी खरंच म्हणतेय. इथल्या बहुतेक मराठी लग्नांची सुरुवात वधूवर मेळाव्यात नाहीतर कोणाच्या तरी मावशीच्या वहीत होते, मग मुलामुलीला एकांतात मोकळेपणाने दोन प्रश्न विचारू द्या एवढं जरी मेळावा भरवणाऱ्यांच्या गळी उतरलं तरी पुढची कितीतरी कोर्टाची प्रकरणं वाचतील. सयाजीराव महाराजांचं नाव आपण उठताबसता घेतो. त्या माणसाने १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला, १९३१ मध्ये हिंदू बाईला घटस्फोटाचा हक्क दिला, अख्ख्या देशासाठी तसा कायदा यायला १९५५ उजाडलं, तेव्हाही इथले शास्त्री-पंडित काही आनंदाने नाचले नसतील. आणि १९८७ ची एक गोष्ट, बडोद्याकडच्याच दोन बायकांनी एकत्र राहायचं म्हणून आपसात मैत्री करार केला होता, त्या काळी गुजरातेत लग्नाबाहेर राहणारे स्त्री-पुरुष असे करार करायचे, या दोघींनी तोच कागद उचलला. म्हणजे जे रोजच्या व्यवहारातलं होतं तेच त्यांनी कामाला लावलं, कुठल्या खास संस्थेची वाट बघितली नाही. माझा मुद्दा यापेक्षा वेगळा नाहीये.

गुप्ततेचं काय, हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे आणि यावर उडवाउडवी चालणार नाही. नेटवर्किंग म्हटलं की गळ्यात नावाचं कार्ड आलं, आणि बडोद्यात नाव म्हणजे आडनाव, आडनाव म्हणजे "अरे म्हणजे कोथीवर राहतात ते का". तेव्हा नियम उलटा करा. संस्थेच्या माणसाने पूर्ण नाव, हुद्दा, ऑफिसचा नंबर छातीवर लावायचा, आणि कम्युनिटीतल्या कोणालाही नाव सांगायची सक्ती नाही. कोण बाय, कोण मित्र, कोण नुसता बघायला आलेला, हे विचारायचंच नाही. फोटो बंद, सगळ्यांचे, आयोजकांचेसुद्धा (फंड देणाऱ्याला फोटो हवेत असं कोणी म्हणालं तर खुर्च्यांचे काढा). ज्यांना येणं शक्यच नाही त्यांनी प्रश्न लिहून पाठवायचे, मराठीत, गुजरातीत, हिंदीत, आणि ते दुसऱ्या कोणीतरी वाचायचे. जागा अलकापुरीतलं हॉटेल नको, तिथे कार्यक्रमाचा बोर्ड लागतो आणि पार्किंगमध्ये निम्मं गाव भेटतं. युनिव्हर्सिटीच्या सोशल वर्क फॅकल्टीसारखी जागा मिळाली तर उत्तम, तिथे रोजच कसली ना कसली वर्कशॉप चालतात, आत जाणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही, आणि तिथली मुलंमुली उद्या याच संस्थांमध्ये नोकरीला लागणार आहेत.

संस्थांना भाषण करायला लावू नका. त्यांना सांगा, तुमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाचा जो फॉर्म भरता तो कोरा फॉर्म घेऊन या. मग प्रत्येक टेबलावर आपली दोन माणसं बसतील आणि तो फॉर्म एकेक ओळ करून वाचतील, इथे मी काय लिहिणार, इथे मी खोटं बोलणार, हा प्रश्न असा विचारला तर मी उठून जाणार. एवढं झालं तर दिवस सत्कारणी लागला. आणि निघताना प्रत्येक संस्थेने एक नाव आणि फोन लागायची वेळ लिहून द्यायची, म्हणजे नंतर कोणाला पाठवायचं झालं तर "तिकडे जाऊन विचार" असं सांगायला नको.

तारखेचं मात्र ऐका. २३ सप्टेंबरचाच हट्ट धरू नका. तो दिवस आपल्याकडे कधी गणपतीत येतो, कधी पितृपक्षात, कधी नवरात्रात, आणि नवरात्रात बडोद्यात माणसाला हॉलमध्ये बसवणं कोणाच्या बापाला जमणार नाही. मार्चमध्ये संस्थावाले हिशेबात बुडालेले असतात. उत्तरायण आटोपलं की जानेवारीच्या शेवटचा एखादा शनिवार बघा, आणि १८१ वाल्यांना, कोर्टाला, पोलीस कमिशनर ऑफिसला पत्रं दिवाळीच्या आधी गेली पाहिजेत, सरकारी माणसाला वरून परवानगी लागते आणि ती यायला वेळ लागतो. पत्राचा मसुदा मी लिहिते, गुजरातीतला कोणीतरी तपासून द्या.